कफ, पट्टा आणि दंडपट्टा

सोलापूरच्या एका नवजात अतिदक्षता कक्षातल्या परिचारिकेचा प्रश्न आहे: अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. त्यात ‘बाळाचा कफ मापून निवडतो’ असं वाक्य आहे. इथे कफ (cuff) म्हणजे रक्तदाब मोजताना हाताला गुंडाळायचा, हवेनं फुगणारा पट्टा. ‘कफ’ ठेवावा, की ‘दंडपट्टा’ म्हणावं?

दोन्ही नकोत. ‘बीपीचा पट्टा’ लिहा.

‘कफ’ म्हटलं की आईच्या मनात पहिल्यांदा छातीतला कफच येणार, आणि तोही कमी वजनाच्या, श्वासाला धडपडणाऱ्या बाळाच्या संदर्भात. ‘कफ बदलला’, ‘कफ सैल होता’ ही वाक्यं तिच्या कानांनी ऐकून पाहा. सदऱ्याच्या बाहीचा कफ आपल्याकडे रुळलाय, पण दवाखान्यात तो अर्थ मागे पडतो. सोलापुरात तर घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या आयाही बऱ्याच. संस्कृतातून आलेला हा शब्द त्या भाषांतही बेडक्याचाच आहे, म्हणजे गैरसमजाची तिथेही सोय झालेलीच.

‘दंडपट्टा’ म्हटलं की मर्दानी खेळातलं दांडपट्टा हे शस्त्र आठवतं. शिवाय बाळाच्या हाताला सलाईन असेल तर पट्टा पोटरीलाही बांधतात, मग ‘दंड’ कुठून आणणार? लहानशा वस्तूला ‘पट्टी’ म्हणायचा मोह होईल, तोही टाळा. पट्टी म्हणजे जखमेवरची किंवा तापात कपाळावर ठेवायची. आणि दंडाचा घेर ज्यानं मोजायचा तीही मोजपट्टीच, त्यामुळे एकाच ओळीत घोळ होईल.

‘मापून निवडतो’ हे मात्र नक्की ठेवा, कारण सगळी गोम तिथेच आहे. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण निम्मी हवी: घेर ६ सेंमी असेल तर सुमारे ३ सेंमी. पट्टा अरुंद पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि बाळाचा दाब उतरलेला असूनही लक्षात येत नाही. फार रुंद असेल तर आकडा कमी येतो. म्हणून ‘लहान बाळ, लहान पट्टा’ एवढ्यावर भागत नाही. पत्रकात असं लिहिता येईल: ‘बाळाच्या दंडाचा घेर मोजून त्या मापाचा बीपीचा पट्टा बांधतो. बाळ शांत झाल्यावर दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं तीनदा दाब बघतो. पट्टा फुगताना हातावर थोडा दाब येतो.’ रडताना किंवा दूध ओढताना दाब वाढतो, म्हणून ‘शांत झाल्यावर’ हे शब्द गाळू नका.

मॉनिटरवर कंसात येणाऱ्या तिसऱ्या आकड्याला ‘सरासरी’ म्हणण्याबद्दलही सावध राहा. ५०/२६ दिसलं की शाळेतल्या गणितानं लोक ३८ काढतात आणि कंसात ३४ च्या आसपास बघून घाबरतात. हृदयाच्या ठोक्यात खालच्या दाबाचा वेळ जास्त असतो, म्हणून हा आकडा खालच्या बाजूला झुकतो. ‘मधला दाब’ म्हणा. पट्ट्याचं यंत्र मुळात हाच दाब पकडतं आणि वरचा-खालचा त्यावरून हिशेबानं काढतं.

‘अपुऱ्या दिवसांचं’ (३७ आठवडे पुरे न झालेलं) आणि ‘कमी वजनाचं’ (२५०० ग्रॅमच्या आतलं) हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. पूर्ण दिवसांचं बाळही कमी वजनाचं असू शकतं, आणि दाब किती असावा हे आठवड्यांवर, वजनावर आणि जन्मून किती दिवस झाले यावर ठरतं.

आता न विचारलेली एक गोष्ट. आपल्याकडे ‘त्यांना बीपी आहे’ म्हणजे दाब वाढलेला. त्यामुळे ‘बाळाला बीपीचा त्रास आहे’ हे वाक्य ऐकून आजी मिठाचा विचार करायला लागते, आणि इथे काळजी बहुधा दाब उतरण्याची असते. ‘बाळाचा रक्तदाब कमी आहे’ असं सरळ लिहा, आणि ‘कमी’ हा शब्द ठळक करा.