चाकांवरची बर्फपेटी: प्रश्न तुमचे, उत्तर कारखान्यातून

प्रश्न (वर्सोवा): सासूबाई आजवर पाटी घेऊन बसल्या. आता आम्हाला चार फुटांची, ढकलता येईल अशी बर्फपेटी हवी आहे. मुलगा आयटीआयचा वेल्डर आहे, घरीच करू म्हणतो. ६० किलो म्हावरं सकाळपासून दुपार उलटेपर्यंत ताजं राहायला हवं. पेटी कशाची करावी आणि बर्फ किती लागेल?

उत्तर: ताई, आधी बर्फाचा हिशोब करा, मग पत्र्याचा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. २८ अंशांवरची ६० किलो मासळी शून्याजवळ आणायला सुमारे १८ किलो बर्फ जातो. आतून ११० × ५० × ३५ सेंटिमीटर मापाच्या आणि सगळ्या बाजूंनी ५० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम) भरलेल्या पेटीच्या भिंतींतून आठ तासांत जी उष्णता शिरते, तिला हिशोबाने जेमतेम ३ किलो बर्फ पुरतो. झाकणाची उघडझाप, ऊन आणि सांधे धरून ७-८ किलो समजा. एकूण ३० किलो घेऊन निघा, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत मासळीला बर्फ टेकलेला राहील.

यातले १८ किलो नुसती मासळी गार करण्यात जातात, हे ध्यानात घ्या. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला खरेदी झाली आणि पाट्या तासभर टेम्पोत उघड्या राहिल्या, तर त्या तासाची भरपाई तुमच्या पेटीतला बर्फ करतो. खरेदीच्या जागीच बर्फात घातलेली मासळी आणलीत तर या १८ किलोंतले बरेच वाचतात. महागड्या पेटीने होणार नाही एवढी बचत इथे होते.

थर्माकोलचा मोह टाळा. २५ मिलिमीटर थर्माकोलच्या पेटीला त्याच हिशोबाने ३ ऐवजी ९ किलो बर्फ लागतो, आणि तो भिजला की आणखी. ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो) पफ घ्या. ५० मिलिमीटरचा एकच थर लावण्यापेक्षा २५ चे दोन थर लावा, म्हणजे खालच्या थराचा सांधा वरच्या तुकड्याच्या मधोमध झाकला जातो. एक मीटर बाय अर्ध्या मीटरचे, २५ मिलिमीटर जाडीचे १४ तुकडे कापाकापीसकट पुरतात. सांध्यांत डब्यातला फोम भरा. तो फुगतो, म्हणून थोडाच मारा आणि पत्रा बसवण्याआधी पूर्ण वाळू द्या. ओल्या फोमवर पत्रा आवळला की भिंत पोटासारखी बाहेर येते आणि झाकण कधीच नीट बसत नाही.

आतला पत्रा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा, ०.८ मिलिमीटर जाडीचा. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये पेटी आणि झाकणाची आतली बाजू निघते. दुकानदार २०२ प्रतीचा स्वस्तात देऊ करेल. दिसायला तो तसाच असतो, पण खाऱ्या पाण्याने त्याला लवकर बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत रक्त साचून वास धरतो. सांधे आर्गन वेल्डिंगने करा. लोखंड घासलेली चकती स्टीलवर फिरवू नका, तिचे कण पत्र्यात रुततात आणि तिथेच गंजाचे डाग उठतात. आतले कोपरे काटकोनी नकोत. बोट सहज फिरेल इतकी गोलाई द्या, नाहीतर घासणी कोपऱ्यात पोहोचत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतला पत्रा आणि बाहेरची चौकट यांना जोडणारा एकही बोल्ट, स्क्रू किंवा पट्टी पफच्या आरपार जाऊ देऊ नका. धातू पफच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतो. घरी केलेल्या पेट्यांत बिजागरीचे बोल्ट थेट आत काढलेले असतात. पावसाळ्यात अशा बोल्टच्या बाहेरच्या डोक्यावर पाण्याचे थेंब जमतात. थेंब दिसले म्हणजे गारवा तिथून पळतो आहे. आतली पेटी पफवर तरंगती ठेवा, वरच्या कडेला १२ मिलिमीटरची एचडीपीई (कडक प्लास्टिकची) पट्टी फिरवा आणि बिजागऱ्या व कड्या फक्त बाहेरच्या चौकटीला लावा.

तळाला हँडलच्या बाजूकडे दोन सेंटिमीटर उतार द्या आणि तिथे एक इंची निचरा काढा. निचऱ्याच्या नळीला यूसारखा बाक हवाच. गार हवा जड असते, ती उघड्या नळीतून सतत खाली वाहून जाते आणि तेवढीच गरम हवा झाकणाच्या फटीतून आत येते. बाकात पाणी उभं राहिलं की ही वाट बंद होते. खाली २० लिटरचा कॅन अडकवा, पाणी रस्त्यावर सोडू नका. आत तळापासून इंचभर वर भोकांची प्लास्टिक जाळी ठेवा, म्हणजे मासळी साचलेल्या रक्तपाण्यात बसणार नाही.

झाकण दोन भागांत करा, एका वेळी अर्धंच उघडेल. जाडी भिंतीइतकीच ठेवा आणि कडेला फ्रिजच्या दारासारखं रबर लावा. वरून पांढरा रंग द्या. विक्रीसाठी मांडायची मासळी वेगळ्या ट्रेमध्ये, दोन इंच बर्फावर ठेवा. पेटीलाच दुकानाचं फळकूट करू नका.

बर्फ बारीक फोडा. लादीचे टोकदार मोठे तुकडे पापलेटच्या अंगात रुततात, आणि त्यांच्यामध्ये हवा राहिल्याने गारवाही कमी पोहोचतो. तळाला दोन इंच बर्फ, मग मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ, आणि सगळ्यात वर बर्फच. मासळीला टेकणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच हवा. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. निळी लादी घेऊ नका.

प्रश्न (माहीम): गाडीला चार छोटी कॅस्टर (स्वतःभोवती फिरणारी) चाकं लावली होती. दोन महिन्यांत दोन मोडली. मोठी कॅस्टर घ्यावीत का?

उत्तर: नको. पेटी, चौकट, मासळी, बर्फ आणि वजनकाटा मिळून १७०-१८० किलो होतात. चार इंची चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत अडकलं की सगळा धक्का त्याच्या खिळीवर येतो. मोडण्याचं कारण तुमच्या चाकाचा दर्जा नसून त्याचा व्यास आहे.

दोन मोठी चाकं आणि पुढे एक आठ इंची फिरतं चाक अशी रचना करा. मोठ्या चाकांना जुन्या स्कूटरचं दहा इंची रिम आणि ३.५०-१० टायर उत्तम. सायकलचं चाक घेऊ नका. वळताना आडवा भार आला की त्याच्या तारा सुटतात. २५ मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी दांडा) ॲक्सल म्हणून, लेथवर काढलेला हब आणि त्यात दोन्ही बाजूंना ६२०५ क्रमांकाची रबर सीलची बेअरिंग. उघडी बेअरिंग खाऱ्या पाण्यात पहिल्या पावसाळ्यातच करकरू लागतात. ॲक्सल पेटीच्या बरोबर मध्याखाली न ठेवता मध्यापासून दहा सेंटिमीटर हँडलकडे ठेवा. मग पुढच्या चाकावर साधारण सातवा हिस्सा भार येतो, गाडी स्थिर राहते आणि हँडल किंचित दाबलं की पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर उचलतं. दोन्ही टायरांच्या मध्यांतलं अंतर ७० सेंटिमीटर ठेवा. त्याहून कमी केलंत तर आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती.

चौकटीला २५ × २५ × २ मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुरतो, ॲक्सलखालच्या दोन आडव्या पाइपांना ४० चा घ्या. पाइपांची तोंडं वेल्डने पूर्ण बंद करा. उघड्या तोंडातून खारं पाणी आत जातं आणि पाइप आतून सडतो, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. झिंकचा प्रायमर मारून वर इपॉक्सीचे दोन हात द्या. चाकं आणि हार्डवेअर नागदेवी स्ट्रीटला मिळेल, पाइपाचे चांगले तुकडे दारूखान्यात वजनावर.

प्रश्न (भांडुप): अमेरिकेत गोठलेल्या तळ्यावर मासेमारीसाठी चाकांवरची घरं बांधतात, त्यांचे व्हिडिओ पाहून मी बर्फपेटी केली. त्यांच्यासारखंच पफच्या आतल्या बाजूला प्लास्टिक लावलं. पावसाळ्यानंतर पेटी जड झाली आहे आणि बर्फ दुपारीच संपतो. काय चुकलं?

उत्तर: प्लास्टिकची बाजू चुकली. वाफ नेहमी गरम, दमट बाजूकडून गार बाजूकडे जाते. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या त्या घरात आत हीटर असतो आणि बाहेर उणे २० अंश, म्हणून वाफ अडवणारं प्लास्टिक आतून. तुमच्या पेटीत आत शून्य आणि बाहेर मुंबईचा जुलै. वाफ बाहेरून शिरते, आतल्या गार प्लास्टिकपाशी पोहोचून पाणी होते आणि पफमध्येच अडकते. तळाचा बाहेरचा पत्रा काढा. तिथला पफ पिळल्यावर पाणी निघालं तर तो टाका, वाळवून पुन्हा वापरू नका. नवा पफ बसवून त्याच्या बाहेरच्या अंगाला ॲल्युमिनियम फॉइल लावा, प्रत्येक सांध्यावर फॉइलची टेप, आणि मग बाहेरचा पत्रा.

प्रश्न (मुलुंड): माझा भाचा मिनेसोटात असंच घर स्वतः बांधतो आहे. ड्रॉइंग मला तपासायला पाठवलं आहे. मी फॅब्रिकेशनमधला, पण हा प्रकार नवा. कुठे बारकाईने पाहू?

उत्तर: सर्वात आधी चाकांचे हात. तळ्यावर पोहोचल्यावर घराचा तळ बर्फावर टेकवायचा असतो, म्हणून दोन्ही चाकं चौकटीला खिळलेल्या फिरत्या हातांवर असतात आणि विंचच्या तारेने वर-खाली होतात. रस्त्यावर धावताना भार तारेवर राहता कामा नये. घर उचललेलं असताना हात लॉक करणारी जाड पिन आणि तिला आधार देणारी प्लेट ड्रॉइंगमध्ये आहे का बघा. नसेल तर ते ड्रॉइंग परत पाठवा.

दुसरं, हीटर. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. धूर बाहेर न नेणारा हीटर ठेवला तर ते सगळं पाणी भिंतींवर बसतं, प्लायवूड सडतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा जिवाला धोका वेगळाच. बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा हीटर, शिवाय झोपायच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, या दोन्हींत तडजोड नको. मासेमारीसाठी घराच्या तळाला ठेवलेल्या छिद्रांच्या झाकणांखालीही इन्सुलेशन हवं, नाहीतर पाय गार पडतात.

तळ बर्फात गोठून चिकटू नये म्हणून चौकटीखाली लाकडी ठोकळे ठेवतात, ते यादीत घाला. जड ट्रक आणि त्यामागे असं घर न्यायचं तर तिथलं नैसर्गिक संसाधन खातं किमान २० इंच नव्या, स्वच्छ बर्फाची शिफारस करतं. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फावर हा आकडा धरू नका. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेआत घर तळ्यावरून हलवावं लागतं, तेव्हा तोपर्यंत चाकांचे हात जाम होणार नाहीत असं ग्रीस निपल प्रत्येक खिळीला हवं.

प्रश्न (शिवडी): पेटी रोज धुतो तरी वास जात नाही.

उत्तर: निचऱ्याची नळी आणि झाकणाचं रबर तपासा, वास बहुधा तिथे असतो. रबर ओढून काढता येईल असं बसवा आणि त्याची खाच दात घासायच्या जुन्या ब्रशने घासा. पेटी आधी गार पाण्याने धुवा. सुरुवातीलाच गरम पाणी ओतलं की रक्त आणि खवल्यांवरचा चिकटा पत्र्यावर घट्ट बसतो. मग साबण, मग पुन्हा पाणी. ब्लीच वापरलंत तर दहा मिनिटांत धुऊन टाका, स्टीलवर रात्रभर राहिलं तर खड्डे पाडतं. झाकण उघडं ठेवून पेटी पूर्ण वाळू द्या, आणि नळीच्या बाकातलं पाणी रोज बदला.