सायट्रिक अॅसिडचं २५ किलोचं पोतं घ्यायचं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना कौतुक वाटलं, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन बसले तेव्हा पोटात गोळा आला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई गेले चार महिने घरातली साफसफाईची लिक्विडं, पावडरी स्वतःच बनवतायत. खरे आकडे सांगू नका म्हणाल्यात म्हणून घरातलं महिन्याचं एकूण उत्पन्न १०० धरते, बाकी सगळे आकडे त्याच मापात. खर्च हप्त्यांसकट ९७, उरलेले ३ कुठे जातात कळत नाही हे त्याच म्हणतात. क्रेडिट कार्डावर ३० थकलेत, महिन्याला ३ टक्के व्याज, आणि दर महिन्याला २ भरतात. अडीअडचणीसाठी बाजूला १४० आहेत. साफसफाईच्या सामानावर आधी २ जायचे, आता ०.६ जातात. तर आता त्यांना त्या १४० मधले २० काढून कच्चा माल होलसेलने भरायचाय, त्यातच ते सायट्रिक अॅसिडचं पोतं, आणि घरून करतात त्या दोन कामांपैकी एक सोडायचंय, महिन्याला १२ देणारं आणि २४ तास खाणारं, कारण "घरी बनवून मी तेवढं वाचवतेच". मिस्टर म्हणतात हे खूळ आहे.

तर खूळ नाहीये, पण "तेवढं" वाचत नाहीये हो ताई. २ चे ०.६ झाले म्हणजे वाचले १.४. सोडताय १२. टक्केवारीत ७० टक्के बचत दिसते ना, तिथेच फसायला होतं, कारण ती ७० टक्के दोनाची आहे, शंभराची नाही.

आता तुम्ही जी यादी पाठवलीत ती मला फार आवडली, कारण तुम्ही प्रत्येक बाटलीपुढे आकडा आणि लागणारा वेळ दोन्ही लिहिलंत, असं कुणी करत नाही. त्यावरून मी १.४ ची फोड केली. सुगंधी स्प्रे, नळांसाठी वेगळं आणि टाइल्ससाठी वेगळं लिक्विड या तीन गोष्टी तुम्ही घेणंच बंद केलंत, त्यातून ०.६ वाचले आणि वेळ लागला शून्य. काच पुसायचं, ओटा पुसायचं आणि क्षार काढायचं लिक्विड तुम्ही बनवता, त्यातून ०.५ वाचले, महिन्याला ३ तास. आणि कपड्यांची पावडर, म्हणजे साबण किसून त्यात धुण्याचा सोडा मिसळायचा तो सगळा रविवारचा कार्यक्रम, त्यातून ०.३, महिन्याला ४ तास. म्हणजे सगळ्यात जास्त बचत बनवल्याने झालीच नाही, न आणल्याने झाली, आणि सगळ्यात जास्त घाम गाळता त्या पावडरीत तासाला ०.०७५ पडतात. तुमचं ते सोडायचं काम तासाला ०.५ देतं. त्यावर टॅक्स जातो आणि वाचवलेल्या पैशावर टॅक्स नसतो हे खरं, तो धरून ०.४ म्हणा, तरी पाचपट.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने बोलायलाच हवी. रविवारचा तास कुणी विकत घेणार नसेल, नाहीतर तो मोबाईलमध्येच गेला असता, तर तासाचा भाव वगैरे लावण्यात अर्थ नाही, आवडतं म्हणून करा. पण मग ते काम सोडायचं कारण म्हणून पुढे करू नका.

कपड्यांची पावडर मात्र मी बंद करायलाच सांगेन आणि इथे पैशापेक्षा केमिस्ट्रीचा प्रश्न आहे. किसलेला साबण हा साबण आहे, डिटर्जंट नाही. पाणी जड असलं की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची युती होते आणि चिकट साका तयार होतो, तो कपड्यात बसतो, मशीनच्या ड्रममागे बसतो. तुम्ही लिहिलंय ना की "टॉवेल हल्ली पाणी टिपत नाहीत, जुने झाले असतील", ते जुने झाले नाहीयेत ताई, त्यांच्यावर साबणाचा थर बसलाय. नवे टॉवेल आणि एक मशीनदुरुस्ती यात ते ०.३ किती महिन्यांचे जातील ते तुम्हीच मांडा. त्याऐवजी विकतचं डिटर्जंट आणा आणि झाकणावरच्या रेघेपर्यंतच मोजून घाला, बऱ्याच घरांत अंदाजाने जास्तच ओततात, त्यातले बरेचसे पैसे तिथेच परत येतात आणि वर चार तास मोकळे.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून तुम्ही बाटलीत भरून ठेवता, "जबरदस्त फेस येतो" म्हणता. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड, उडून जातो. एक अॅसिड, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं जवळपास मिठाचं पाणी. ५ टक्क्यांचं १०० मिली व्हिनेगर निकामी करायला साधारण ७ ग्रॅम सोडा पुरतो, दीड चमचा. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत, पण वेगवेगळ्या. करपलेल्या भांड्याला सोडा, नळावरच्या क्षाराला व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड. एकत्र केलंत की दोन्हींचे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

आणि संगमरवरावर यातलं कुठलंही अॅसिड नको, दगडच खातं ते, पॉलिशचं बिल आलं की वर्षाची बचत गेली समजा. ब्लीच घरात असेल तर त्यात व्हिनेगर, सायट्रिक, लिंबू काहीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू निघतो. अमोनियावालं काही असेल तर तेही नाही. ही बचतीची नाही, श्वासाची गोष्ट आहे, म्हणून घरच्या प्रत्येक बाटलीवर आत काय आहे आणि कधी बनवलं ते लिहाच. घरात कुणी आजारी असलं तर "नॅचरल" बाजूला ठेवा, व्हिनेगरवर जंतू मारायची जबाबदारी टाकू नका. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १ भाग ब्लीच आणि ४९ भाग पाणी म्हणजे ०.१ टक्का होतं, डब्ल्यूएचओने २०२० मध्ये कोविडच्या वेळी पृष्ठभागांसाठी हेच प्रमाण सांगितलं होतं, रोजचं रोज ताजं करायचं, आणि खरं सांगू का, तुमच्या कुठल्याही रेसिपीपेक्षा हे स्वस्त पडतं.

मी वरून उपदेश करतेय असं वाटायला नको म्हणून माझं सांगते. मीही एकदा सालींचं बायोएन्झाइम, म्हणजे साली आंबवून करतात ते साफसफाईचं लिक्विड, लावलं होतं, १ भाग साखर, ३ भाग लिंबूवर्गीय साली, १० भाग पाणी, तीन महिने ठेवायचं आणि पहिला महिनाभर रोज झाकण उघडून गॅस सोडायचा. मी चार दिवस गावाला गेले आणि झाकण घट्ट लावून गेले. आले तेव्हा कपाटाचं दार आतून चिकटलेलं, बाटली फुटलेली, आणि खालच्या कप्प्यात एका क्लायंटची गुंतवणुकीची अख्खी फाईल त्या सिरपात भिजलेली. प्रत्येक पान हेअर ड्रायरने वाळवलं. त्या तासांचा भाव मी आजतागायत काढलेला नाही.

आता पोतं. इथे मी तुम्हाला चकित करणार आहे, कारण होलसेल खरेदी ही वाईट आयडिया नसते. समजा महिन्याला १ खर्च होतो, वर्षाचे १२, आणि एकदम घेतलं तर २० टक्के सूट म्हणजे ९.६. हे पैसे आज अडकतात पण दर महिन्याला १ वाचत जातो, त्याचा परतावा काढला तर महिन्याला ४ टक्क्यांच्या वर येतो, तुमच्या कार्डाच्या ३ टक्क्यांपेक्षाही जास्त! कुठल्याही ठेवीत हे मिळणार नाही. पण पुढचं बघा, यातला फक्त दोन महिन्यांचा माल गोळा होऊन फेकावा लागला तर तोच परतावा महिन्याला ०.९ टक्क्यावर येतो. म्हणजे सगळा खेळ माल संपण्यावर आहे.

आणि तुमचा माल संपणार आहे का? तुमच्याच हिशोबाने सायट्रिक अॅसिड महिन्याला ३०० ग्रॅम लागतं. २५ किलो भागिले ३०० ग्रॅम म्हणजे ८३ महिने. जवळपास सात वर्षं! ते हवेतला ओलावा ओढतं, पोतं एकदा उघडलं की दोन पावसाळ्यांत त्याचा धोंडा होईल. सोड्याचंही तेच.

शेजारपाजारी विकायचा विचार एका ओळीत लिहिलाय म्हणून मीही थोडक्यात सांगते, आत्ता नको. पाण्यात बनवलेल्या लिक्विडात प्रिझर्वेटिव्ह नसेल तर काही आठवड्यांत बुरशी धरते, तुमच्या घरी तुम्ही ओतून द्याल, विकलेल्या बाटलीत धरली तर पैसे परत करायचे, नाव खराब व्हायचं. आणि चाचणी न करता "जंतू मारतं" असं लेबलवर लिहायचं तर अजिबातच नाही.

मग ते २० कुठे? कार्डावर. ३ टक्के महिन्याला म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. आत्ता ३० वर तुम्ही महिन्याला ०.९ नुसतं व्याज देताय, म्हणजे चार महिने मान मोडून जे १.४ वाचवलेत त्यातले जवळपास दोन तृतीयांश कार्ड गिळतंय. आणि उरलेले कुठे गेले? त्या "कुठे जातात कळत नाही" वाल्या ३ मध्ये. वाचलेला पैसा त्याच दिवशी हलवला नाही तर तो वाचत नाही, दुसरीकडे खर्च होतो, इतकंच.

पावडर बंद केल्यावर तुमची बचत राहते १.१. ती महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्डावर जाऊ दे, म्हणजे २ ऐवजी ३.१. नुसत्या २ ने कार्ड फिटायला २१ हप्ते लागतील, ३.१ ने १२. आणि पोत्यासाठी काढणार होतात ते २० आधी भरलेत तर उरतात १०, ते चौथ्या महिन्यात संपतात, मग तेच ३.१ दर महिन्याला अडीअडचणीच्या पैशात परत टाका. दहाव्या महिन्याअखेर कार्ड शून्य आणि बाजूचे पुन्हा १४०. मधल्या काळात १२० च राहतील ही जोखीम आहे, खर्च ९७ असताना १२० म्हणजे सव्वा महिना, मला मनापासून आवडत नाही, पण ३ टक्क्यांच्या कर्जाशेजारी रोकड ठेवून बसणं त्याहून महाग आहे. अट एकच, या दहा महिन्यांत कार्ड पाकिटातून बाहेर काढायचं नाही, नाहीतर दोन्हीकडून जाल.

काम सोडण्याबद्दल. १२ गेले तर हातात ८८ आणि खर्च ९७, दर महिन्याला ९ ची तूट, बाजूचे पैसे सव्वा वर्षात साफ, तेही काहीच अडचण आली नाही तर. पण तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, "रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद करते आणि मग ओटा पुसते". मला वाटतं खरं कारण ते आहे. थकलात म्हणून काम कमी करायचं असेल तर ते पूर्ण रास्त आहे, पण त्याचं बिल सायट्रिक अॅसिडच्या नावावर फाडू नका, कारण मग मिस्टरांशी भांडण व्हिनेगरवरून होतं आणि मूळ विषय तसाच राहतो. पावडरीचे चार तास आजच मोकळे झाले. ओटा दुसऱ्या कुणी पुसायला हरकत नाही. आणि कार्ड फिटलं की ३.१ मोकळे होतात, बाजूचे पैसे भरून झाल्यावर क्लायंटला सांगा की २४ ऐवजी १८ तास करेन, १२ चे ९ झाले तरी घर चालतं.

पोत्याची ऑर्डर अजून दिली नसेल तर रद्द करायचा प्रश्नच नाही. दिली असेल तर आजच फोन करा. १ किलोचं पाकीट तुम्हाला तीन महिन्यांहून थोडं जास्त जाईल, कोरड्या बरणीत, झाकण घट्ट, चमचाही कोरडा. या बरणीचं झाकण मात्र रोज उघडायचं नाही.