प्रबोधन म्हणजे नक्की कोणतं शतक?

प्रश्न असा आला आहे : युरोपच्या साहित्याचा आणि कलेचा इतिहास मराठीतून वाचताना एका पुस्तकात पंधराव्या शतकातल्या इटलीतल्या फ्लॉरेन्सला ‘प्रबोधन’ म्हटलेलं दिसलं आणि दुसऱ्या पुस्तकात व्हॉल्तेर-दिदरो या फ्रेंच विचारवंतांच्या अठराव्या शतकाला. दोन्ही बरोबर कसं असेल? आणि आपण लिहिताना कोणता शब्द वापरावा?

माझं मत आधी सांगतो. फ्लॉरेन्सच्या त्या काळाला, म्हणजे रेनेसाँसला, ‘पुनरुज्जीवन’ म्हणावं आणि ‘प्रबोधन’ अठराव्या शतकातल्या एनलायटनमेंटसाठी राखून ठेवावं. शालेय पुस्तकांची सवय याच्या उलट आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही.

‘प्रबोधन’च्या मुळाशी ‘बुध्’ हा धातू आहे, म्हणजे जागं होणं. प्रबोध म्हणजे जाग, प्रबोधन म्हणजे जागं करणं. कार्तिक शुद्ध एकादशीला विष्णू झोपेतून उठतो म्हणून ती प्रबोधिनी. म्हणजे या शब्दात कोणीतरी झोपलेलं आहे आणि कोणीतरी त्याला उठवतं आहे. युरोपीय शब्दांत मात्र झोपही नाही आणि जागही नाही. इटालियन चित्रकार वाझारीने १५५० साली चित्रकार-शिल्पकारांची चरित्रं छापली, त्यात कलेच्या संदर्भात ‘रिनाशिता’ म्हटलं, म्हणजे पुन्हा जन्मणं. ‘रेनेसाँस’ला एका अख्ख्या युगाचं नाव म्हणून वजन आलं ते फार उशिरा, फ्रेंच इतिहासकार मिशले (१८५५) आणि स्विस इतिहासकार बुर्कहार्ट (१८६०) यांच्या ग्रंथांमुळे. दुसऱ्या बाजूला एनलायटनमेंटचे शब्द : फ्रेंच ‘ल्युमिएर’ म्हणजे सरळ दिवे, उजेड. जर्मन ‘आउफक्लेरुंग’चं क्रियापद तर हवामानालाही लागतं : मळभ जाऊन आभाळ निवळणं. पावसाळ्यात आपण उघडीप म्हणतो, तीच.

आता रेनेसाँसवाल्यांना हवं काय होतं ते पाहा. इटालियन कवी पेत्रार्कला १३४५ साली व्हेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात रोमन वक्ता सिसेरोची पत्रं सापडली. ती वाचून त्याने जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहिलं, राजकारणात एवढी धरसोड का केलीस म्हणून. १४१७ मध्ये पोज्जो या इटालियन विद्वानाने एका जर्मन मठातून रोमन कवी लुक्रेशियसचं दीर्घकाव्य उजेडात आणलं. या माणसांना जुनं परत हवं होतं. जुनी लॅटिन, जुने ग्रीक ग्रंथ, जुन्या इमारतींची मापं. जुन्याचा हा ध्यास बाजूला काढला, तर रेनेसाँसमध्ये समजून घेण्यासारखं फार थोडं उरतं. त्यातून नवं निघालं हे खरं, पण ते जुनं शोधता शोधता निघालं. याला ‘पुनरुज्जीवन’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

मग मराठी लेखक तो टाळतात का? मला वाटतं, आपल्याकडे तो शब्द एका वादात अडकला. एकोणिसाव्या शतकाबद्दल बोलताना एका बाजूला सुधारक आणि दुसऱ्या बाजूला पुनरुज्जीवनवादी अशी आपण मांडणी करतो. लिओनार्दोला त्या दुसऱ्या बाजूला बसवायला मन घेत नाही. ‘प्रबोधन’ला मात्र सुधारणेचा गंध आहे. १९२१ साली केशव सीताराम ठाकरे यांनी त्या नावाचं पाक्षिक काढलं आणि ते स्वतःच प्रबोधनकार झाले. पण आपल्या वादाचं ओझं फ्लॉरेन्सवर कशाला?

एनलायटनमेंटला ‘ज्ञानोदय’ असाही शब्द आहे. सुंदर आहे, उजेडाची प्रतिमाही राखतो. मराठी वाचकाला त्यात अमेरिकन मिशनऱ्यांचं, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ ऐकू येतं, एवढंच. मला त्याची अडचण वेगळीच वाटते : तो ज्ञानाबद्दल बोलतो, आणि एनलायटनमेंट म्हणजे काय हे सांगणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कांटचा मुद्दा ज्ञानाचा नव्हताच.

गंमत म्हणजे कांटचा तो प्रसिद्ध निबंध हीसुद्धा एक शब्दचर्चाच आहे. १७८३ मध्ये बर्लिनच्या एका मासिकात त्सॉल्नर नावाच्या धर्मोपदेशकाने तळटीपेत विचारलं, की आउफक्लेरुंग म्हणजे काय, हे कोणी सांगेल का? पुढच्या वर्षी तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोनने उत्तर दिलं आणि सुरुवातीलाच नोंदवलं, की हा शब्द आमच्या भाषेत नवा पाहुणा आहे, अजून पुस्तकी आहे. डिसेंबर १७८४ मध्ये कांटचं उत्तर आलं. त्याने वापरलेला कळीचा शब्द कायद्यातला आहे : वयात न आल्यामुळे ज्याचे व्यवहार दुसरा बघतो, त्याची अवस्था. आणि इथे मराठी जे करू शकते ते पाहून मला दर वेळी आनंद होतो. सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो, अज्ञान पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे. ज्याच्या वतीने पालनकर्ता सही करतो तो. कांट नेमकं हेच म्हणतो : माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर पडणं. बुद्धी कमी नाही, दुसऱ्याच्या मार्गदर्शनाशिवाय ती वापरायचं धैर्य कमी आहे. आणि पालनकर्तेही त्याच्या निबंधात आहेतच, लोकांवर देखरेख ठेवणारे. थोडक्यात, आउफक्लेरुंग म्हणजे सज्ञान होणं, अ.पा.क. शेरा कमी करून घेणं.

युगाचं नाव म्हणून ‘सज्ञानता’ चालणार नाही, ते कानाला खटकतं. म्हणून तिथे ‘प्रबोधन’. झोपेतून उठणं हे वयात येण्याच्या निदान जवळ तरी जातं. जुनी पुस्तकं वाचताना मात्र आधी शतक बघा. ‘प्रबोधनकालीन चित्रकला’ दिसलं तर लेखक जवळजवळ नक्कीच बोत्तिचेल्ली-राफाएलबद्दल बोलतो आहे. ‘प्रबोधनाचं तत्त्वज्ञान’ दिसलं तर वाक्यात कांट किंवा व्हॉल्तेर कुठे आहे ते शोधा.