मंडळीच्या शाळेत घालायचं का? आधी रजिस्टर विचारा

(नवापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र, थोडक्यात: "मी आशा स्वयंसेविका आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे आणि गावची शाळा सातवीपर्यंतच आहे. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, जूनपासून चर्चच्या हॉलमध्ये ख्रिस्ती शाळा सुरू करतेय. अमेरिकेच्या इंग्रजी पुस्तिका असतील, मुलांनी आपापलं वाचायचं, आपापलं तपासायचं. रोज प्रार्थना आणि बायबल. महिन्याला बाराशे रुपये. पास्टर म्हणतात, सरकारी शाळेत लेकरं बिघडतात, दाखला काढून आणा. दहावीचं पुढे बघू. मुलीला नर्स व्हायचंय. मालक तयार आहेत, पण माझा जीव घाबरतो. काय करू?")

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न एकच दिसतो, पण आहेत दोन. मुलगी देवाच्या भयात वाढावी असं तुम्हाला वाटतं, हा एक. तिने नर्स व्हावं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमचं घर आणि तुमची मंडळी देईल, त्यात मी पडणार नाही. दुसऱ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते. शाळा ख्रिस्ती असल्यामुळे तिचं नर्स होणं अडणार नाही. तिचं नाव कुठल्या शाळेच्या रजिस्टरला आहे, त्यावर अडेल.

ख्रिस्ती शाळा म्हटल्यावर बिचकायचं काहीच कारण नाही. आपल्या खान्देशातच धुळ्याला कॅनोसा आहे, जळगावला सेंट जोसेफ, भुसावळला सेंट अलॉयसियस, नंदुरबारला एस. ए. मिशन हायस्कूल. या शाळांतून शिकलेली माणसं तुम्हाला दवाखान्यात, बँकेत, रेल्वेत रोज भेटत असतील. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे घेतले. अल्पसंख्याकांनी आपल्या शाळा काढाव्यात, चालवाव्यात हा हक्क राज्यघटनेच्या कलम ३० ने दिलेला आहे, तो तुमच्या मंडळीलाही आहे.

पण या जुन्या शाळांना शासनाची मान्यता आहे. त्यांना यू-डायस नंबर, म्हणजे सरकारी यादीतला शाळेचा अकरा आकडी क्रमांक आहे, त्यांची मुलं मान्य मंडळाच्या दहावीला बसतात. तुमच्या हॉलमधल्या शाळेचं यातलं काय काय झालंय, ते पत्रात कुठेच नाही. "दहावीचं पुढे बघू" एवढंच आहे, आणि मला त्याच वाक्याची काळजी वाटते.

पुस्तिकांचं तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ती ॲक्सेलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन या धर्तीची पद्धत दिसते. ती १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाली. एका विषयाच्या वर्षाला साधारण बारा पुस्तिका. मूल आडोसा केलेल्या टेबलाशी एकटं बसतं, वाचतं, लिहितं, अडलं की टेबलावर छोटा झेंडा लावतं. मग देखरेख करणारी व्यक्ती येते. चाचणीत ऐंशी टक्के पडले की पुढची पुस्तिका.

अशी एक शाळा मी जवळून पाहिली आहे. प्लायवूडचे आडोसे, भिंतीवर बायबलची वचनं, वर्ग अगदी शांत. एका मुलीचा झेंडा बराच वेळ लागलेला होता. विज्ञानाच्या पुस्तिकेत ती 'इव्हॅपोरेशन' या शब्दापाशी थांबली होती. तिथला तरुण सर आला, मनाने फार चांगला मुलगा, त्याने हिंदीत अर्थ सांगितला. तिने तो शब्द गाळलेल्या जागी लिहिला आणि झेंडा काढला. मी शेजारी बसून विचारलं, "तुझी आई चैतात अंगणात मोहाची फुलं वाळत घालते ना? त्यातलं पाणी कुठे जातं?" ती माझ्याकडे बघतच राहिली. ती फुलं तिने स्वतः कितीदा उलटीपालटी केली असतील, पण पुस्तिकेतला शब्द आणि अंगणातली फुलं एकच गोष्ट सांगतायत, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. तुमच्या घरी मावची ही आदिवासी बोली बोलतात, शाळेत तुमची मुलगी सात वर्षं मराठीत शिकली, आणि आता आठवीला एकदम तिसऱ्या भाषेत एकटीने वाचायचं. ताई, इंग्रजी यायलाच हवं, नर्सिंगला तर हवंच. पण ते शिकवायला समोर माणूस लागतो.

पास्टर म्हणत असतील की अमेरिकेत हे सर्रास चालतं. खरं आहे. तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंनी १८८४ मध्ये बाल्टिमोरला ठरवलं की प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी. ओरेगन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती केली, तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये तो कायदा रद्द केला आणि मुलाचं शिक्षण ठरवण्याचा आईबापांचा अधिकार मानला. पण तिथे आपल्यासारखी मंडळाची दहावी नसते. शाळा स्वतः पदविका देते आणि घ्यायचं की नाही हे कॉलेज आपलं आपण ठरवतं. आपल्याकडे प्रत्येक दारावर पहिलं विचारतात, दहावीचं गुणपत्रक दाखवा. तिथली शाळा इथे उचलून आणता येते, तिथली कॉलेजं आणता येत नाहीत.

नर्सिंगचा रस्ता तुम्ही उपकेंद्रातल्या नर्सबाईंबरोबर, म्हणजे एएनएम सिस्टरांबरोबर काम करता म्हणून तुम्हाला अर्धा माहीतच आहे. एएनएमलासुद्धा आता बारावी लागते. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला इंग्रजीसह बारावी. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, वर प्रवेश परीक्षा. आणि या सगळ्यांच्या आधी दहावी, मान्य मंडळाची.

दुसरी गोष्ट जातवैधतेची. पडताळणी समिती शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद आणि शाळा सोडल्याचा दाखला बघते. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही, त्यामुळे चर्चला जाता म्हणून घाबरू नका. पण मधली तीन वर्षं मुलगी कुठल्याच मान्य रजिस्टरला नसली, तर ती कुठे होती हे सांगताना तुमची दमछाक होईल.

माझ्याकडे तळोद्याकडचा एक मुलगा आला होता. प्लास्टिकच्या फाइलमध्ये सोनेरी किनारीची सात-आठ प्रमाणपत्रं, प्रत्येकावर वचन छापलेलं. आयटीआयच्या खिडकीवर त्यातलं एकही चाललं नाही. शेवटी तो राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून दहावी झाला, पण वयाची दोन वर्षं गेली. एनआयओएस हे केंद्राचं मान्य मंडळ आहे, ती वाट खोटी नाही. फक्त ती शाळेने पहिल्याच दिवशी सांगायला हवी, मुलाला सतराव्या वर्षी खिडकीवर कळायला नको.

तेव्हा पास्टरांना भेटा. भांडायला नको, नेहमीसारखं आदरानेच जा. विचारा, शाळेला स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या कायद्याखाली परवानगी मिळाली का, यू-डायस नंबर काय, दहावी कुठल्या मंडळाची, आणि हे लेटरहेडवर लिहून द्याल का. "सीमेपलीकडे गुजरातमधल्या शाळेत नाव लावू आणि बसवू इथे" असं उत्तर आलं तर सरळ नको म्हणा. नवापूर स्टेशन अर्धं इकडे अर्धं तिकडे असलं तरी चालतं, पण राज्याच्या कोट्यातल्या बऱ्याच प्रवेशांना दहावी-बारावी महाराष्ट्रातली बघतात. शिवाय एकीकडे नाव आणि दुसरीकडे मूल हा व्यवहार तुमच्या मुलीच्या अंगावर येईल, पास्टरांच्या नाही.

लेखी उत्तर नीट आलं, इंग्रजी आणि विज्ञान शिकवायला खरे शिक्षक असले, तर मला पुन्हा लिहा. मी मोकळ्या मनाने बघेन. ते येईपर्यंत दाखला कुणाच्या हातात देऊ नका. आठवीला जवळच्या मान्य हायस्कूलमध्ये नाव घाला. रोज जाऊन-येऊन जमत नसेल तर शासकीय आश्रमशाळेसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मेमध्येच चौकशी करा. नंदुरबारच्या मिशन हायस्कूललाही जाऊन या, राहायची सोय कुठे होईल ते तिथेच विचारा.

आणि मुलं बिघडतात या पास्टरांच्या काळजीबद्दल. ती मी हसण्यावारी नेत नाही. शिक्षक वेळेवर नसतात, मोठी पोरं मागच्या बाकावर गुटखा खातात, हे मीही पाहते. पण मंडळीचा हॉल दुपारनंतर रिकामाच असतो ना? रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये ग्लॉस्टरला रविवारच्या शाळा सुरू केल्या, त्या आठवडाभर कामावर असणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. तुमच्या मंडळीने संध्याकाळी दोन तास हॉल उघडा ठेवला, दिवा लावला, कुणी शिकलेल्या दादाने गणित-इंग्रजी घेतलं आणि शेवटी प्रार्थना झाली, तर गावातली सगळी लेकरं येतील आणि कुणाचाच दाखला हलवावा लागणार नाही. हे पास्टरांना माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

जाण्याआधी एक करा. त्यांच्याकडून आठवीच्या विज्ञानाची एक पुस्तिका दोन दिवसांसाठी मागून आणा. मुलीला एक पान वाचायला द्या, मग पुस्तिका मिटा आणि म्हणा, आता हे मला मावचीत सांग. मध्ये बोलू नका, मालकांनाही शेजारी बसवा. तिने काय सांगितलं, कुठे अडली, ते जसंच्या तसं लिहून मला कळवा.