टुरिंग टॉकीजची जुनी रिळं: कुठली गुलाबी झाली, कुठली टिकली?

वणीकडच्या जत्रांत तंबू लावणाऱ्या आजोबांची 35 मिमी रिळं टिनाच्या खोलीत सापडली, काही पार गुलाबी, काही ताजी; कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

रीळ खिडकीच्या उजेडात धरा आणि छिद्रांजवळच्या कडेवर छापलेलं वाचा. भिंग लागेलच. कोडॅकच्या फिल्मवर 'ईस्टमन' आणि बाजूला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांवरून फिल्म बनल्याचं साल कळतं, पण त्याच खुणा 20 वर्षांनी परत येतात, म्हणून एकट्या खुणेवर विसंबू नका.

गुलाबी रिळं बहुधा जुनी ईस्टमनकलर, म्हणजे कोडॅकची रंगीत फिल्म. त्यांतला निळसर-हिरवा रंग अंधारातही आधी उडतो आणि उरतो तो लालसर. आकाश जांभळट आणि हिरवं झाड विटकरी दिसलं की समजायचं. कडेवर 'एलपीपी' (रंग कमी उडणारी फिल्म) असेल तर 1980 नंतरची, बरीच टिकाऊ. टेक्निकलरची रंग छापून केलेली प्रत असेल तर नशीबच: रंग जवळपास तसेच, ध्वनिपट्टी काळी-करडी.

डबा उघडल्यावर सिरक्याचा वास आला तर ते रंगाचं नाही, ॲसिटेट, म्हणजे फिल्मची मूळ पट्टीच, सडतंय. ती रिळं वेगळी काढा. आगकाडी लावून तपासायचा उद्योग तर अजिबात नको. नायट्रेट, म्हणजे भडकन पेटणारी जुनी फिल्म, निघालं तर खोलीच जाईल.

आणि टिनाखालून आधी हलवा हो! आपल्याकडचा मे, 45 अंश. उडालेला रंग काही परत येत नाही. मातीच्या भिंतीची आतली कोरडी खोली बरी.