पर्यावरण प्रकल्पासाठी वस्तू विकत आणायलाच हव्यात का?

तुमचा प्रश्न असा: 'कॉलेजच्या पर्यावरण प्रकल्पाला बांबूचा ब्रश, ज्यूटची पिशवी, तांब्याची बाटली आणून फोटो लावायचेत. घरून तेवढे पैसे मिळणार नाहीत. काय करू?'

काहीही विकत आणू नका. घरात आहे त्याचेच फोटो लावा आणि प्रत्येक वस्तू किती वर्षं वापरात आहे ते खाली लिहा.

मी यावल तालुक्यातल्या खेड्यातली. जळगावला बी.एस्सी.ला असताना आम्हालाही असाच प्रकल्प होता. आईनं बाबांच्या जुन्या धोतराची पिशवी शिवून दिली होती. बंद दुहेरी, तळाला ठिगळ, कोपऱ्यात केळीच्या चिकाचा काळपट डाग, कितीही धुतला तरी न जाणारा. मॅडमनी ती दोन बोटांत धरून बाजूला ठेवली, म्हणाल्या, "जरा बरी घेऊन ये." शेजारच्या मुलीनं दुकानातून 'पृथ्वी वाचवा' छापलेली नवी पिशवी आणली होती, तिला पैकीच्या पैकी. मला वीसात अकरा. आज मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवते, तरी ते अकरा टोचतात.

आता हिशेब बघा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली पिशव्यांचा अभ्यास केला. नवी सुती पिशवी निदान ५२ वेळा वापरली, तर हवामानबदलाच्या बाबतीत ती साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. ओझोन थराच्या हानीसकट सगळे परिणाम धरले तर ७,१०० वेळा, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा! सेंद्रियचा आकडा एवढा मोठा, कारण तिथे कापसाचा उतारा, म्हणजे तेवढ्याच जमिनीतलं पीक, कमी धरलाय. उतारा म्हणजे काय, हे कपाशीवाल्या घरात समजावून सांगावं लागत नाही. ५२ वेळा म्हणजे वर्षभराचे आठवडी बाजार. आईची पिशवी नऊ वर्षं बाजार करतेय, आणि तिच्यासाठी नवं बोंड वेचावंच लागलं नाही.

पर्यावरण हा विषय पदवीला सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयामुळे, वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरच्या १९९१ च्या निकालानंतर. हेतू चांगलाच होता. पण शिकवायचं 'वापर कमी करा' आणि गुण द्यायचे खरेदीला, यात गरीब घरचं मूल दोनदा मार खातं. एक तर पैसे नसतात, वर घरची काटकसर गावंढळ ठरते. आपल्याकडे पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजून केळीच्या पानावर भरीत वाढतात, त्याला कुणी प्रकल्प म्हणत नाही. तेच पान शहरातल्या लग्नात आलं की 'इको-फ्रेंडली'!

माझ्या वर्गात नव्या वस्तूला गुण नाहीत. मुलं शिवलेलं दप्तर, आजीची गोधडी, भावाची वापरलेली पुस्तकं आणतात आणि वापराची वर्षं सांगतात.

तुमच्या मॅडमनी हरकत घेतलीच, तर वरचे आकडे प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहा. तरीही गुण कापले तर निकष लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे, त्यात उद्धटपणा काही नाही.