नकाशांसाठी ४५ लाख कशाला?

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात धावण्याचा आठ लेनचा सिंथेटिक ट्रॅक करायचा आहे. अंदाजपत्रकात ९ कोटींची तरतूद असून त्यातले ४५ लाख 'संकल्पन व सल्लागार शुल्क' म्हणून दाखवले आहेत. ट्रॅकचं माप जगभर एकच. ट्रॅक बसवणारी एक कंपनी नकाशे फुकट द्यायला तयार आहे. मग हे ४५ लाख कशाला? मी अधिसभेत (सिनेटमध्ये) यावर कपात सूचना, म्हणजे ही तरतूद कमी करण्याचा प्रस्ताव, देणार आहे. जमीन काळी आणि सपाट आहे. तुम्ही अनेक वर्षं विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात होतात, म्हणून विचारतो.
— अधिसभा सदस्य, मराठवाडा

उत्तर : प्रश्न जरूर विचारा, पण तो ९ कोटींवर विचारा. ४५ लाख म्हणजे ९ कोटींचे बरोबर पाच टक्के. याचा अर्थ आधी ९ कोटी ठरले, मग त्यावर टक्केवारी लावली. ते ९ कोटी आले कुठून? तुमच्या पत्रात जमीन काळी असल्याचं आहे, माती तपासणीचा मात्र उल्लेख नाही. असे आकडे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी ट्रॅकच्या खर्चात थोडी भर घालून लिहिलेले मी पाहिले आहेत.

माप एकच, हे खरं आहे. वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ बाजू ८४.३९ मीटर, लेनची रुंदी १.२२ मीटर. आठ लेनचा ट्रॅक बाहेरून साधारण १७७ बाय ९२.५ मीटर भरतो. एवढं कंपनी फुकट काढून देईलच, कारण तिला विकायचा आहे तो वरचा जेमतेम १३ मिलिमीटरचा थर. त्याच्या खाली डांबराचा थर, त्याखाली खडी, त्याखाली मुरूम आणि सगळ्यात खाली तुमची काळी माती. पैसा तिथे जातो आणि ट्रॅक बिघडतो तोही तिथूनच.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तुमच्या मैदानावर चक्कर मारा, भेगांमध्ये पंजा जाईल. ही माती किती खोल आहे हे खड्डे खणल्याशिवाय कळत नाही. ट्रॅक, दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळाकार जागांचा काही भाग आणि धावपट्टीची वाढीव लांबी धरून ७,००० चौरस मीटर क्षेत्र समजा. एक मीटर माती काढायची तर ७,००० घनमीटर झाली. खणल्यावर ती पाव हिश्शाने तरी सैल होते. म्हणजे दहा घनमीटरच्या डंपरच्या पावणेनऊशे फेऱ्या, आणि तेवढा खड्डा भरायला बाहेरून मुरूम. मुरूम किती आणि तीस किलोमीटरवरून येणार की पाचवरून, एवढ्यावरच तुमचे ९ कोटी पुरतील की नाही ते ठरेल.

वीसेक वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ट्रॅकचं काम माझ्याकडे होतं. खर्च बसवण्यासाठी माती तपासणीची बाब अंदाजपत्रकातून वगळली गेली. त्या अंदाजपत्रकावर माझी सही आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात दोनशे मीटरच्या स्टार्टजवळ भेग पडली. रुपयाचं नाणं उभं शिरेल एवढी. पावसाळ्यात पहिल्या दोन लेनमध्ये पाणी साचायचं, मुली तिसऱ्या लेनपासून सराव करायच्या. शेवटी तिथे खणलं, तेव्हा दीड फूट मुरमाखाली ओली काळी माती निघाली, फावड्याला चिकटून सुटेना. वाचवलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे दुरुस्तीत गेले. आणि दोन वर्षं त्या मुलांना धड ट्रॅक मिळाला नाही, याचं वाईट मला आजही वाटतं.

'सपाट' या शब्दावरही विसंबू नका. पावणेदोनशे मीटरमध्ये दीड मीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅकला आडवा उतार शंभराला एक आणि धावण्याच्या दिशेने हजाराला एक, यापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजणाऱ्या यंत्राने) मोजणी हवीच. आतल्या कडेचं पाणी कुठल्या गटारात आणि पुढे कुठल्या नाल्यात जाणार, हे नकाशावर दिसलं पाहिजे.

मधल्या मैदानाचा निर्णयही आत्ताच घ्या. तिथे फुटबॉलसाठी कृत्रिम हिरवळ टाकली, तर भालाफेक आणि हातोडाफेकीची मुलं कुठे जाणार? स्टीपलचेसचा (अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचा) पाण्याचा खड्डा वळणाच्या आत की बाहेर, हे डांबर पडण्याआधी ठरतं. अशा गोष्टी कंपनीच्या फुकट नकाशात नसतात. शिवाय ज्याचा माल विकायचा त्यानेच नकाशा काढला, की निविदेतल्या अटीही त्याच्याच मालाच्या मापाच्या होतात. पुढे स्पर्धाच उरत नाही. फुकट नकाशा नाकाराच.

शुल्काबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. ४५ लाखांत १८ टक्के जीएसटी धरला आहे का? नसेल तर ८ लाख १० हजार आणखी लागतील. मोजणी आणि माती तपासणी त्यात आहे की वेगळी? टक्केवारीने शुल्क दिलं तर खर्च वाढेल तसं शुल्कही वाढतं, म्हणून तांत्रिक मान्यता (अभियंत्यांनी अंदाजपत्रक तपासून दिलेली मंजुरी) मिळाली की ते ठोक रकमेत बांधून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या : प्राथमिक आराखडा, तपशीलवार नकाशे, निविदा, कामावरची देखरेख. शेवटचा हप्ता ट्रॅकवरून एक अख्खा पावसाळा गेल्यावरच.

वरचा थर साधारण आठ-दहा वर्षांनी नव्याने करावा लागतो. त्यासाठी दरवर्षी काही रक्कम बाजूला टाकण्याची तरतूद अंदाजपत्रकात आहे का, तेही बघा.

तेव्हा कपात सूचनेऐवजी दुरुस्ती सुचवा : यंदा फक्त मोजणी, माती तपासणी आणि संकल्पन यांची तरतूद करावी, बांधकामाची रक्कम बाबनिहाय अंदाजपत्रक हातात आल्यावर पुढच्या वर्षी मंजूर करावी. एक वर्ष उशीर होईल, त्यावर आरडाओरडही होईल. तरी मागे हटू नका. आणि खड्डे खणतील त्या दिवशी स्वतः जा, किमान सहा ठिकाणी खणायला सांगा. त्यातले चार तरी वळणांवर हवेत.